नस बंद, थोड्या वेळापुरती

जालन्यात मला सगळे 'भुलीची बाई' म्हणत. भूल देणं हेच माझं शिक्षण आणि हीच माझी भाकरी, तेव्हा नाव चुकीचं नव्हतं. पण बाजारात त्या नावाचे फार हाल व्हायचे. भाजीवाली तराजू वर धरून म्हणायची, "बाई, नीट बघून घ्या, मंग म्हनाल आमीच भूल दिली." दूधवाला दुधात पाणी घालायचा आणि वर 'भूलचूक माफ' म्हणून हसायचा. माझी सख्खी आई शेजारणींना सांगायची, की आमची मुलगी दवाखान्यात इंजेक्शनं देते. मला राग लवकर येतो आणि तेव्हा तर तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. पण खोटं कशाला बोलू, ते दिवस मला मनापासून आवडायचे.

मी काम करायचे तो दवाखाना एका सर्जनचा होता. त्यांना सगळे सर म्हणत, मीही म्हणायचे. मुतखड्याला सरांचा हात फार चांगला होता. त्या काळी आमच्या कोरड्या भागात लहान पोरांच्या लघवीच्या पिशवीत खडे व्हायचे. दूध नाही, पाणी कमी, सकाळ-संध्याकाळ नुसती ज्वारीची भाकरी, मग खडा नाही होणार तर काय, असं सर म्हणायचे. परतूर, मंठा, अंबड, टेंभुर्णी, सगळीकडून आयाबाया पोरं घेऊन यायच्या. पोर लघवीला उभं राहिलं की किंचाळायचं. आधी अंगारा व्हायचा, मग झाडपाल्याचा काढा व्हायचा, आणि सगळं करून थकल्यावर मंडळी एसटीत बसून आमच्याकडे यायची.

ऑपरेशन सर झटपट उरकायचे. खडा वाटीत टाकला की टण्ण आवाज यायचा आणि बाहेर नातेवाइकांना तो दाखवायला नेला जायचा. खरा कल्ला त्यानंतर व्हायचा. ईथरच्या भुलीतून पोर जागं व्हायचं ते ओरडतच. ओटीपोटावर टाके, लघवीच्या जागी नळी. ते हातपाय झाडायचं, नळी ओढायचं, म्हणून आम्ही त्याचे हात पट्टीने खाटेला बांधायचो. बांधल्यावर ते अजून ओरडायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आयांना वाटायचं, रडतंय म्हणजे जिवंत आहे. सर म्हणायचे, "लेकरांना दुखतं कमी, रडतात जास्त."

मी एकदा म्हटलं, "सर, परवा तुमच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला तेव्हा तुम्ही किती ओरडलात, ते सिस्टरना विचारू का?"

सर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हात धुता धुता म्हणाले, "बरं, मग तुझ्याकडे उपाय काय?"

उपाय होता. औरंगाबादला शिकत असताना माझ्या प्राध्यापकांनी तो माझ्याकडून घोटून घेतला होता. पोर भुलीत गेलं की त्याला कुशीवर वळवायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. पाठीच्या अगदी शेवटी, माकडहाडाच्या जरा वर, हाडात एक लहानशी फट असते. लहान मुलांत ती बोटाला बरोबर लागते. तिथून बारीक सुई आत घालायची आणि सुन्न करणारं औषध सावकाश सोडायचं. बेंबीपासून खाली सगळं सुन्न होतं. ईथर उतरलं तरी हा असर मागे राहतो. पोर जागं होतं, आईला ओळखतं, आणि खाली काय कापलं, काय शिवलं याचा त्याला पत्ताच नसतो. दोनेक तासांनी असर हळूहळू उतरतो, तोवर दुखण्याचं औषध पोटात जाऊन बसलेलं असतं. सगळ्यात वाईट घडी तेवढी टळते.

"कर," सर म्हणाले, "पण मला ताटकळत ठेवायचं नाही."

पहिल्या पोराला मी ते दिलं. ते पोर जागं झालं, इकडेतिकडे बघितलं आणि त्याने लिमलेटची गोळी मागितली. सर वॉर्डाच्या दारात उभे होते. "बरं आहे," एवढंच म्हणाले. सरांच्या तोंडून 'बरं आहे' निघणं म्हणजे दुसऱ्या कुणी पेढे वाटणं. त्यानंतर खड्याचं एकही पोर मी त्या सुईशिवाय बाहेर पाठवलं नाही. वॉर्ड शांत झाला. सिस्टरांना दुपारचा चहा गरम मिळू लागला आणि त्या मला चक्क आपली माणूस समजू लागल्या.

अडचण एकच होती, घरच्यांना सांगायचं काय? पाठीत सुई म्हटलं की माणसं उठून उभी राहायची. पोर लुळं होईल ही भीती. मग मी एक वाक्य बसवलं. "घाबरू नका, दुखणारी नस तेवढी बंद करते, थोड्या वेळापुरती." हे लोकांना लगेच पटायचं. पाटाचं पाणी बंद करतात, तशी नस बंद. दोन-तीन वर्षं हे वाक्य छान चाललं. मग आणीबाणी आली आणि माझ्या वाक्याचं वाटोळं झालं.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा नसबंदीची मोहीम जोरात होती. सरकारी नोकरांना, त्यातही शाळेच्या मास्तरांना, माणसं आणायला सांगितलं जायचं. अशा आणलेल्या माणसाला 'केस' म्हणत. मास्तर पाढे घ्यायचे सोडून केस शोधत हिंडायचे. गावात जीपचा धुरळा दिसला की गडीमाणसं तुरीत जाऊन बसायची. आम्ही मात्र दवाखान्यात आमची जुनीच भाषा बोलत होतो. पेशंटला केस म्हणायची डॉक्टरांची सवय जुनी, आणि माझं वाक्य तर पाठच झालेलं.

त्या हिवाळ्यात वाटूरकडच्या एका गावाहून तिघं आली. आजोबा, त्यांची सून आणि पाच-सहा वर्षांचा नातू. पोराचा बाप शाळेत मास्तर होता. त्याला रजा मिळाली नव्हती, तो ऑपरेशनच्या दिवशी येणार होता. आजोबांनी दारातूनच "जयभीम, बाई" म्हटलं आणि बाकावर ताठ बसले. पोर त्यांना आबा म्हणत होतं, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. सून वाळून काटकी झाली होती. डोळ्यांखाली काळं.

"दोन साल झाले," ती म्हणाली. "दिसरात तेच चालू हाय. लघवी आली की माझ्या गळ्याला मिठी मारतं आन् वरडतं. शेजारनी म्हनत्यात, मारून राह्यली का काय पोराला. आता तर ते पानीच पेत न्हाई. भेतंय."

सरांनी तपासलं. खडा चांगला सुपारीएवढा होता. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "ही केस उद्या सकाळी पहिली घेऊ." आणि मी लगेच माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "काही घाबरू नका आबा. नस बंद करते, थोड्या वेळापुरती."

आबांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, पटलं.

मी घरी जाऊन जेवून आले तर पोराला दिलेली खाट रिकामी. सिस्टर म्हणाल्या, "म्हातारा लेकराला खांद्यावर टाकून गेला. बाई रडत रडत मागे गेली." माझं डोकंच फिरलं. एवढा सुपारीएवढा खडा घेऊन हे लोक घरी काय करणार आहेत, असं मी तावातावाने बोलत होते. सिस्टरांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "जाताना पुटपुटत होता. पोराची नस बंद केली, आता नातवाची करून राह्यले म्हणे."

केस. नस बंद. दोन्ही शब्द आम्ही त्यांच्या पदरात एकामागोमाग टाकले होते.

टांगा करून मी स्टँडवर गेले. मंठ्याची गाडी अजून लागायची होती. तिघंही कडुलिंबाखाली बसले होते, पोर आबांच्या मांडीवर. मला बघून आबा उभे राहिले.

"बाई, तुमी चांगल्या घरच्या दिसता, म्हनून नीट सांगतो. वाट सोडा."

"आबा, तुमचा गैरसमज झालाय."

"डाक्टर म्हनले, केस. तुमी म्हनल्या, नस बंद. म्या भैरा न्हाई." मग त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या पोराची झाली. नोकरी जाईल म्हनले, तर गेल्ता बिचारा, निजला टेबलावर. म्या काही बोललो न्हाई. दोन पोरी आन् हे एक लेकरू. याची बी बंद केली, मंग आमच्या घरात पुढं काय राह्यलं? आन् मला हेच समजंना, की मास्तरनं सोताचं लेकरू केस म्हनून धाडलं का काय."

हे ऐकून मला हसू फुटलं, ते मी दाबलं. त्या म्हाताऱ्याला पोटच्या पोरावर असा संशय यावा, हे काही हसण्यासारखं नव्हतं. मी परोपरीने सांगितलं. ती नस वेगळी, ही वेगळी. ती कापतात, ही नाही कापत. दोन तासांत आपोआप उघडते.

"बंद म्हनजे बंद," आबा म्हणाले. "बंद केलेली नस कोन उघडतं?"

तेवढ्यात पोराला लघवी आली. ते आईच्या गळ्यात पडलं आणि असं किंचाळलं, की स्टँडवरचे हमालसुद्धा थांबून बघू लागले. आईने त्याला भिंतीशी नेलं, त्याचं डोकं पोटाशी धरलं, आणि थेंब थेंब ते चालू होतं तोवर ती डोळे मिटून उभी राहिली. भूल देता देता मी पुष्कळ किंकाळ्या ऐकल्या आहेत. पण त्या दवाखान्यात, दाराआड. उघड्यावर, भर दुपारी मी ती पहिल्यांदाच ऐकली.

पोराला घेऊन ती परत आली ती आबांच्या समोर उभी राहिली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. डोक्यावरचा पदर सावरून, खाली बघत ती म्हणाली, "मामा, तुमी जा गाडीनं. म्या न्हाई येत. म्या हितंच बसते लेकराला घेऊन."

आबा तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटतं, इतक्या वर्षांत ती त्यांच्यापुढे एवढं पहिल्यांदाच बोलली असावी.

मी संधी साधली. "आबा, मी माझी नस बंद करून दाखवते. माझी स्वतःची. तुमच्या डोळ्यांदेखत. उघडली नाही तर मंठ्याची गाडी रोज आहे."

आबा पोराला घेऊन माझ्या टांग्यात बसले, सून मागोमाग. दवाखान्याच्या ओसरीवर बसून मी माझ्या डाव्या हाताच्या करंगळीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी थोडं थोडं औषध सोडलं. आधी जळजळलं, मग बोट जाड जाड वाटू लागलं. सिस्टरांनी सेफ्टी पिन आणून दिली आणि ती मी आबांच्या हातात ठेवली. "टोचा."

आबांनी आधी भीत भीत टोचलं. मग जरा जोरात. मग त्यांना त्यात रस वाटू लागला. "समजून राह्यलं का?" "नाही." "आता?" "नाही." ओसरीवरचे इतर पेशंट सरकत सरकत जवळ आले. सर बाहेर आले, त्यांनी हा तमाशा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता आत गेले. माणूस शहाणा होता.

असर उतरायला वेळ लागतो. तोवर चहा आला. आबांनी विचारलं, "लगीन झालं का, बाई?"

"नाही."

"का?"

"मला राग लवकर येतो."

"ते दिसून राह्यलं," आबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा टोचलं. पोर आईच्या मांडीवरून हे सगळं डोळे मोठे करून बघत होतं. मधूनच तेही 'आता?' म्हणायला लागलं.

उन्हं कलली तेव्हा बोटाला मुंग्या आल्या. मी सांगणार, तोच आबांनी मन लावून पिन खुपसली आणि मी "आई गं!" करून उडालेच. सगळी ओसरी हसली. पोर तर टाळ्या पिटायला लागलं. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझं बोट हातात घेतलं, वाकवलं, सरळ केलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"उघडली की," ते म्हणाले.

"मग देऊ उद्या?"

"द्या. पन बाई, ते बंद म्हनू नका. लोक भेतात. निजवते म्हना."

"बोटाची चाळण केलीत, आता मला बोलायलाही शिकवा," मी म्हटलं. पण शब्द चांगला होता. पुढे मी तोच वापरला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मास्तर आला. आबा त्याच्याशी तुटक बोलत होते आणि तो बिचारा आपलं काय चुकलं म्हणून सगळ्यांची तोंडं बघत होता. मी त्याला बाजूला घेऊन स्टँडवरचं सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. मग जाऊन बापाच्या शेजारी बाकावर बसला.

पोराने ईथरला फार त्रास दिला नाही. कुशीवर वळवलं तेव्हा त्याच्या पाठीचे मणके मोजता येत होते. फट लगेच सापडली, औषध सहज आत गेलं. सरांनी खडा काढून वाटीत टाकला.

वॉर्डात ते जागं झालं तेव्हा आम्ही सगळे भोवती होतो. त्याने डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आवाज नाही. त्याची आई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "बाई, हे रडत का न्हाई? काय झालं माझ्या लेकराला?" दोन वर्षं तिने त्याचं रडणंच ऐकलं होतं, ते गप्प आहे म्हटल्यावर तिचा जीव उडाला. तिने त्याचा गाल हलवला, नाव घेऊन हाक मारली.

"माय," ते म्हणालं, "पानी दे."

ईथरनंतर लगेच पाणी देता येत नाही. ओठ ओले करून जरा थांबायला सांगितलं तर मलाच त्याने डोळे वटारून दाखवले. आई हसत होती आणि पदर तोंडावर दाबत होती.

आबांचं लक्ष पायांकडे होतं. त्यांनी तळव्याला गुदगुल्या केल्या. पाय हलला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तशी मी माझी करंगळी वर केली. ती अजून सुजलेली होती. आबांनी मान डोलावली आणि तो पाय हातात धरून बसून राहिले. मी कामं उरकत येत-जात होते. दर वेळी बघावं तर म्हातारा तसाच, पाय हातात. मग केव्हातरी वॉर्डातून खिदळणं ऐकू आलं. "आबा, नका ना!" पाय मागे खेचला गेला होता. आबा उठले, कुणाकडेही न बघता ओसरीवर गेले आणि खांबाआड उभे राहून त्यांनी धोतराच्या सोग्याने नाक-डोळे पुसले. मास्तर मागोमाग गेला. थोड्या वेळाने दोघं चहाला जाताना दिसले.

आता सुईचा असर संपत आला असणार, म्हणून मी दुखण्याच्या औषधाची दुसरी मात्रा घेऊन वॉर्डात गेले. इतर खाटांवर दुपारची सुस्ती होती. त्याची आई खाटेशी जमिनीवर बसली होती, डोकं खाटेच्या कडेला टेकलेलं, तोंड उघडं, पदर कुठल्या कुठे. तिचा श्वास ऐकू येत होता. पोर टक्क जागं होतं. त्याचे हात आम्ही बांधले नव्हते. एक हात त्याने आईच्या केसांवर ठेवला होता.

"काय रे," मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "दुखून राह्यलं का?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. कपाळाला बारीक आठी होती.

"जरासं," ते कुजबुजलं. "हळू बोला ना, बाई. माय झोपली."

मी चपला तिथेच काढल्या, अनवाणी पुढे गेले आणि औषधाचा चमचा त्याच्या तोंडाशी धरला.